गॅस गेला कुठे?

एप्रिल लागला की जुन्या गाड्यांचे मालक कार-एसीच्या गॅरेजसमोर दिसू लागतात, आणि बहुतेकांना एकच निदान ऐकायला मिळते : "साहेब, गॅस संपलाय. मारून देतो." अर्ध्या-पाऊण तासात नळ्या जोडल्या जातात, मीटरचा काटा हलतो, जाळीतून गार झोत येतो, पैसे दिले जातात. पुढच्या एप्रिलला तोच माणूस, तीच गाडी, तेच वाक्य.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि इंजिन ऑइलसारखा कामाने खराबही होत नाही. तो बंद नळ्यांच्या फेऱ्यात फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर पडलेला असतो. रबरी होजमधून आणि जोडांमधल्या ओ-रिंगमधून थोडा गॅस वर्षानुवर्षे झिरपतोच, त्यामुळे पंधरा वर्षांच्या गाडीला चार-पाच वर्षांतून एकदा गॅस लागला तर त्यात काही वावगे नाही. दर उन्हाळ्यात लागत असेल, तर मात्र ती गळती आहे. तिच्यावर दरवर्षी नवा गॅस ओतणे म्हणजे मिस्त्रीला हप्ता बांधून देणे.

हा गॅस करतो काय, ते आधी पाहू. इंजेक्शनआधी कापसाने स्पिरिट लावले की दंड गार पडतो, कारण उडून जाणारे स्पिरिट कातडीची उष्णता घेऊन जाते. एसीत हेच घडते. फरक इतकाच, की उडालेले द्रव परत पकडून पुन्हा कामाला लावले जाते. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. हवेच्या साध्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. दाब वाढवला की उकळबिंदू वर सरकतो. मीटरवर सुमारे २८ पीएसआय दाब असताना तो शून्य अंशाला उकळतो, आणि साठ अंशांना उकळायला त्याला जवळजवळ १७ बार दाब लागतो.

सगळी करामत या सरकत्या उकळबिंदूची आहे. डॅशबोर्डमागे जी जाळी असते, जिला गॅरेजात कूलिंग कॉइल म्हणतात, तिथे दाब कमी ठेवलेला असतो. तिथे गॅस दोन-चार अंशांना उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. ही उष्णता बाहेर टाकायची म्हणजे मोठीच अडचण, कारण मे महिन्यात नागपुरात बाहेरची हवाच ४५ अंशांची असते, आणि उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही. म्हणून कॉम्प्रेसर त्या वाफेवर इतका दाब देतो, की ती साठ-पासष्ट अंशांना द्रव होऊ लागते. आता बाहेरचे ४५ अंश तिच्या मानाने थंड ठरतात. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता सोडते, द्रव होते, ड्रायरमधून गाळली जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकापाशी येते आणि पलीकडच्या कमी दाबात शिरून पुन्हा उकळते.

हे समजले की एसी गार करत नाही याची कितीतरी कारणे गॅसच्या बाहेर आहेत, हे आपोआप लक्षात येते. गाडी हायवेवर पळत असताना एसी उत्तम चालतो आणि सिग्नलला थांबली की गरम हवा मारू लागतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष कंडेन्सरच्या पंख्याचा असतो. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो. थांबलेल्या गाडीला पंख्याचाच आधार. एसी सुरू करून बॉनेट उघडा आणि पंखा फिरतो का, ते बघा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग किंवा पंख्याची मोटर, यांपैकी काहीतरी गेलेले असेल. कंडेन्सरच्या पात्यांत चिखल, किडे, सावरीचा कापूस अडकलेला असेल, तर पंखा फिरूनही उपयोग होत नाही. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने तो धुतला की पुष्कळदा अर्धा प्रश्न मिटतो. प्रेशर वॉशरचा पाइप मात्र त्याच्यावर धरू नये, पाती चपटी होतात.

दुसरे कारण केबिनच्या आत असते. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्याही अनेक छोट्या गाड्यांत केबिन फिल्टरच नव्हता. वर्षानुवर्षांची धूळ, झाडाची पाने, केस, सगळे थेट कूलिंग कॉइलवर बसते. कॉइल ओली असते, त्यामुळे त्या धुळीचा थर जमतो, कुबट वास येतो आणि हवा पलीकडे जातच नाही. ब्लोअर चारवर ठेवूनही झोत दोनसारखा लागतो. इथे गॅस भरून फायदा शून्य. हिटरकडे जाणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा हवा मिसळणारी झडप अर्धवट उघडी राहिली, तरी गार हवेत गरम हवा मिसळत राहते. हे कारण इतके साधे आहे, की ते तपासायचे कुणाला सुचत नाही.

आणि मग कॉम्प्रेसरचा क्लच. कॉम्प्रेसरची पुली इंजिनच्या पट्ट्यावर सतत फिरत असते. विजेचा चुंबक पुढची प्लेट ओढून घेतो, तेव्हाच आतला पंप फिरतो. "कॉम्प्रेसर उचलत नाही" ही तक्रार म्हणजे बहुधा हा चुंबक ओढत नाही. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विच मुद्दामच वीज तोडतो, कारण गॅसबरोबर फिरणारे ऑइल मिळाले नाही तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळेल. जुन्या गाडीत याहून एक गमतीदार दोष आढळतो. सकाळी ऑफिसला जाताना एसी मस्त. अर्ध्या तासाने इंजिन तापले की क्लच सुटतो. गाडी थंड झाली की पुन्हा लागतो. प्लेट आणि पुली यांच्यातली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असायला हवी. वर्षानुवर्षांच्या झिजेने ती वाढते. चुंबकाची कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, ओढ कमी होते, आणि ती वाढलेली फट तिला आता पार करता येत नाही. प्लेट उघडून आतली एक पातळ चकती काढली, की फट कमी होते आणि काम भागते. कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च ऐकून हादरलेल्या माणसाने आधी ही फट मोजून घ्यावी.

आता मीटर. निळे आणि लाल अशी दोन घड्याळे असलेला गेज सेट प्रत्येक गॅरेजात असतो. निळे कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. इंजिन बंद ठेवून गाडी थंड झाली की दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात. ३० अंशांच्या दिवशी तो आकडा सुमारे ९७ पीएसआय असतो. इथे बरेच जण फसतात. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल, तरी हा दाब केवळ तापमानावर ठरतो, गॅस किती आहे त्यावर नाही. शंभर ग्रॅम उरला असला तरी ९७, पाचशे ग्रॅम असला तरी ९७. म्हणून "प्रेशर बरोबर आहे" या वाक्याला बंद गाडीत फारसा अर्थ नसतो. आकडा चाळीस-पन्नास दिसला, तर द्रव संपून नुसती वाफ उरली आहे, एवढे खात्रीने म्हणता येते.

खरे वाचन गाडी चालू असताना करायचे : इंजिन दीड हजार फेऱ्यांवर, ब्लोअर जोरात, हवा आतल्या आत फिरती. निळ्या घड्याळावर साधारण २५ ते ४० आणि लाल घड्याळावर, पस्तीस अंशांच्या हवेत, दोनशे ते अडीचशेच्या घरात काटा असावा. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जादा भरलेला आहे, आत हवा शिरली आहे, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. निळा चढलेला आणि लाल उतरलेला, म्हणजे कॉम्प्रेसर दमला, दाबच तयार करत नाही. निळा काटा शून्याच्याही खाली जाऊ लागला, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. हा अडथळा येत-जात असेल तर संशय ओलाव्यावर घ्यावा. आत शिरलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकाशी गोठते, गॅस अडतो, थंडावा जातो. दहा मिनिटे एसी बंद ठेवला की बर्फ वितळतो आणि सगळे सुरळीत होते. तापमान नियंत्रकाचा सेन्सर बिघडून कूलिंग कॉइलवरच बर्फ धरला, तरी लक्षणे जवळपास हीच असतात. फरक ओळखायचा तो झोतावरून. कॉइलवर बर्फ साचला की जाळीतून येणारी हवाच मंदावते. व्हॉल्व्ह गोठला तर हवा तितकीच येते, फक्त गरम.

काही जुन्या गाड्यांत ड्रायरवर छोटी काच असते. गॅस कमी असेल तर त्या काचेत बुडबुडे दिसतात. पण काच अगदी स्वच्छ दिसली, तर गॅस पूर्ण भरलेला असू शकतो आणि पूर्ण संपलेलाही.

गॅस कमी आहे हे ठरले, की खरे काम सुरू होते : तो गेला कुठून, ते शोधणे. नेमके हेच काम टाळले जाते, कारण त्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. गॅसबरोबर ऑइलही फिरत असल्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलखाली, होजच्या दाबलेल्या टोकांपाशी, कंडेन्सरच्या कोपऱ्यांत असा काळपट चिकटा दिसतो का, ते डोळ्यांनीच शोधायचे. सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्याही बघाव्यात. टोपी हरवलेली असते आणि आतली पिन थोडी थोडी गळत असते. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरची पाती अक्षरशः हातात भुगा होऊन येतात; तिथे गळतीसाठी फार शोध घ्यावा लागत नाही. साबणाच्या पाण्याचा फेस मोठी गळती दाखवतो. बारीक गळतीसाठी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून ठेवतात आणि काटा खाली येतो का, ते पाहतात. याच कामासाठी टायरची हवा मारणारे महाभाग आहेत. त्या हवेबरोबर ते आत पाणीही भरत असतात.

कूलिंग कॉइलची गळती सगळ्यांत त्रासाची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळ गाड्यांत तिच्यापर्यंत पोचायला डॅशबोर्ड सोडवावा लागतो. तो सोडवण्याआधी एक चाचणी होऊ शकते. आर-१३४ए हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड असतो. गाडी तासभर बंद ठेवून, ब्लोअर न लावता, कॉइलचे पाणी बाहेर टाकणाऱ्या खालच्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरला आणि तो वाजला, तर गळती आतच आहे.

गळती बंद झाली की व्हॅक्यूम. हा टप्पा बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ वेळकाढूपणा वाटतो. पंप चालू असतो, काटा खाली गेलेला असतो, मिस्त्री चहाला गेलेला असतो. पण आतला ओलावा काढायचा हाच एक मार्ग आहे. दाब पुरेसा कमी झाला की तीस अंशांनाही पाणी उकळू लागते आणि त्याची वाफ पंपातून निघून जाते. निदान अर्धा तास, सिस्टीम बराच काळ उघडी राहिली असेल तर त्याहून जास्त. मग पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटे काटा हलतो का, ते बघायचे. हलला तर गळती अजून आहे. काटा कितीवर जावा, हे गावावर अवलंबून असते. मुंबईत समुद्रसपाटीला तो उणे ३० इंचांच्या जवळ जातो. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, २८च्या आसपास थांबतो. महाबळेश्वरला आणखी दोन-अडीच इंच आधी. तिथे तीस इंच दिसत नाहीत म्हणून पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. वरची हवाच विरळ असते.

नंतर गॅस भरायचा, आणि तो वजनावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो. छोट्या गाड्यांत तो बहुधा अर्ध्या किलोच्या आगेमागे. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडायचा. "थोडा जास्त मारा, जास्त गार होईल" हा आग्रह गिऱ्हाईकच धरते, आणि तो चुकीचा आहे. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रवरूपाने जागा अडवतो, दाब चढतो, थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. चालू इंजिनमध्ये भरताना गॅस निळ्या बाजूने आणि वाफेच्या रूपातच जायला हवा. द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर त्याच्या झडपा तुटतात, कारण द्रव दाबला जात नाही. घरी छोटा कॅन आणून भरणाऱ्यांनी तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : इंजिन चालू असताना लाल बाजूची चावी उघडायची नाही. तिकडचा दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटू शकतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. उणे २६ अंशांना उकळणारे द्रव डोळ्यात उडाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

गाडी नव्वदच्या दशकातली असेल, तर तिची गोष्ट निराळी. पहिल्यावहिल्या एसीवाल्या मारुती ८०० किंवा कॉन्टेसामध्ये आर-१२ असायचा. १९२८च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वायूला शीतकाच्या कामाला लावले, तेव्हा तो वरदान वाटला होता, कारण तो न जळणारा होता आणि विषारीही नव्हता. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की यातला क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन नष्ट करतो. १९८७मध्ये असे वायू हटवण्यासाठी माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २००८मध्ये, मुदतीच्या आधीच, भारताने या वायूंचे उत्पादन जवळपास थांबवले. मोलिना आणि रोलंड यांना क्रुट्झेन यांच्यासह १९९५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

म्हणून अशी गाडी आज चालवायची तर आर-१३४एवर आणावी लागते, आणि ते नुसता गॅस बदलून होत नाही. आर-१२बरोबर खनिज तेल असायचे; ते नव्या गॅसमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परतत नाही. ते काढून एस्टर किंवा पीएजी तेल घालावे लागते, ड्रायर बदलावा लागतो, जुन्या ओ-रिंग काढाव्या लागतात, सर्व्हिस व्हॉल्व्हवर नव्या मापाचे जोड बसवावे लागतात. गॅस मूळ आकड्याच्या ८० ते ९० टक्केच भरायचा. इतके करूनही भर उन्हाळ्यात सिग्नलला थंडावा पूर्वीइतका येत नाही, कारण साठ अंशांना आर-१२ला सुमारे १५ बार पुरत, याला १७ लागतात, आणि जुना छोटा कंडेन्सर त्या बेताने बनवलेलाच नसतो. त्या काळच्या मिस्त्रींकडे गळती शोधायला एक ज्योतीचा दिवा असे. गॅस लागला की ज्योत हिरवी व्हायची. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे तो दिवा इथे निरुपयोगी आहे.

बाजारात स्वस्त पर्यायही मिळतात. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे हायड्रोकार्बन मिश्रण भरले तर थंडावा उत्तम येतो, हे खरे आहे. पण कूलिंग कॉइल गळली तर तो गॅस बंद केबिनमध्ये जमतो, आणि त्या प्रयोगासाठी आपली गाडी देण्याचे कारण मला दिसत नाही. गळती बुजवणारे रसायन असलेले कॅनही टाळावेत. ते रसायन एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये आणि पुढच्या गॅरेजच्या मशीनमध्ये जाऊन बसते. उरलेला गॅस हवेत सोडून देण्याची सवयही गॅरेजांतून जायला हवी. आर-१३४ए ओझोनला धोका देत नसला, तरी एक किलो गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. माँट्रियल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात या वर्गातल्या वायूंच्या वापरावर २०२८पासून मर्यादा येणार आहे, त्यामुळे उधळपट्टी खिशालाही परवडणार नाही.

जुन्या गाडीचा एसी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बंद ठेवून वाचत नाही, उलट बिघडतो. कॉम्प्रेसरच्या सीलला ऑइलचा ओलावा लागतो; सहा महिने कॉम्प्रेसर फिरला नाही की सील कोरडे पडते आणि पहिल्या उन्हाळ्यात गळू लागते. पंधरवड्यातून दहा मिनिटे एसी लावला तरी पुरते. जुलैत घाटातून जाताना तो लावलेलाच बरा, कारण कॉइलवर हवेतले पाणी निथळून पडते आणि समोरच्या काचेवरचा धुरकटपणा मिनिटाभरात जातो.

एखाद्या गाडीवर किती खर्च करावा, हा प्रश्न उरतोच. ओ-रिंग, व्हॉल्व्हची पिन, पंख्याचा रिले, क्लचची फट हे दोष दुरुस्त करायलाच हवेत. कॉम्प्रेसर आतून फुटला असेल, तर थांबून विचार करावा, कारण त्याचा ॲल्युमिनियमचा कीस कंडेन्सरमध्ये आणि ड्रायरमध्ये गेलेला असतो. नळ्या न धुता आणि कंडेन्सर, ड्रायर न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोच कीस त्यालाही मारतो. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करायची वेळ आलेल्या गाडीत एवढे पैसे घालायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. काम मात्र कुठलेही करा, बिलावर किती ग्रॅम गॅस भरला, कोणते ऑइल किती घातले आणि कुठली गळती बंद केली, हे लिहून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात कुणी पुन्हा "गॅस संपलाय" म्हणाले, तर उरलेला गॅस काढून त्याचे वजन करायला सांगा. किती ग्रॅम कमी भरले ते कळेल, आणि गळतीचा शोध कुठून सुरू करायचा तेही.